गरवायला जाताना सामान परतीपासून भरा

गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, समुद्रकाठच्या खडपावर (खडकाळ किनाऱ्यावर) पोचल्यावर ‘रॉडच घरी राहिला’ असं म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. रॉड, रीळ, नवं घेतलेलं लुअर (बनावट आमिष) हे सगळं आठवडाभर डोक्यात घोळत असतं, त्यामुळे ते आपोआप गाडीत चढतं. राहते ती पक्कड. राहते बॅटरी, राहतं पाणी, राहतो दोर, राहतात बूट. नीट पाहिलं तर या सगळ्या वस्तू मासा लागल्यानंतरच्या, नाहीतर परतीच्या वाटेवरच्या आहेत. सामान भरताना आपलं मन पहिल्या फेकीपाशी असतं आणि त्या फेकीला लागेल तेवढंच हात भरत जातात. त्यापुढचं काही डोळ्यांपुढे आलेलंच नसतं, मग ते पिशवीत येणार कुठून?

म्हणून नव्याने गरवायला लागलेल्या प्रत्येकाला मी एकच पद्धत सांगतो: सामान उलटं भरायचं. आधी आपण सुखरूप घरी आलोय असं डोळ्यांपुढे आणायचं आणि तिथून एकेक पाऊल मागे जात पहिल्या फेकीपर्यंत पोचायचं. स्मरणशक्ती कितीही चांगली असली तरी पहाटे चारच्या घाईत तिच्यावर विसंबू नये.

हा लेख गळाने मासे पकडण्यापुरता आहे. कोकणात एके काळी रानात पारध चालायची, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भेकर, ससा, रानडुक्कर यांच्यामागे बंदूक किंवा फासकी घेऊन जाणं हा गुन्हा आहे. डुकरं पिकाची नासाडी करत असली तरी परवानगी वनखात्याकडूनच घ्यावी लागते. हौस म्हणून शिकारीला जायचं तर आता खाडी आणि समुद्र एवढीच जागा उरली आहे. तिथेही नियम आहेत, ते ओघात येतील.

आधी पाणी ठरवा, मग सामान

‘कोकणात गरवायला चाललोय’ एवढ्यावर सामान भरता येत नाही. खाडीच्या काठावरून काळुंदर नाहीतर शेवटा गरवायचा असेल तर बारीक गळ, हलका तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि वजनाला थोडं शिसं पुरतं. पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, फेकायचं तर लांब रॉड आणि तो वाळूत रोवायला नळी हवी. खडपावरून तांबोशी, गोब्रा, कोकर यांच्या मागे असाल तर सगळंच दणकट लागतं आणि माशापेक्षा स्वतःला सांभाळायचं सामान जास्त होतं. म्हणून आदल्या दिवशीच जागा पक्की करा. गावाचं नाव पुरेसं नाही. खडप कुठलं, उतरायची वाट कुठली, हेही ठरवा.

त्यानंतर भरती-ओहोटी. मोबाइलवर वेळा मिळतात, पण कड्याखाली उतरलात की रेंज बहुतेक ठिकाणी जाते. म्हणून वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा आणि जुना हिशेबही शिकून घ्या. कॅलेंडरवरच्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-साडेअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला चांगला जुळतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती त्याआधीच लागते. पाण्याची चढउतारही मुंबईकडे मोठी असते आणि दक्षिणेला कमी होत जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग. नवख्या माणसाने खडपावरची पहिली खेप भांगाच्या पाण्यात करावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण पाणी सावकाश आणि कमी चढतं.

हे सगळं सामानाच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण उतरलात ती वाट भरतीला पाण्याखाली जाणार आहे का आणि परत निघायचं ते उजेडात की अंधारात, हे ठरल्याशिवाय काय न्यायचं ते ठरतच नाही. लाटांचा इशारा आहे का हेही आदल्या संध्याकाळी बघा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था किनाऱ्यासाठी उंच लाटांचे इशारे देते. इशारा असेल तर खाडीत जा किंवा घरी राहा. जून ते सप्टेंबर खडपाचं नावच काढू नका. यांत्रिक नौकांची मासेमारी राज्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रापासून माणसं वाचावीत म्हणूनही. जिथे होडी जात नाही तिथे आपण निसरड्या दगडावर उभं राहून काय साधणार?

उलट्या क्रमाने भरणं

जमिनीवर एक जुनी चादर पसरा. आता शेवटापासून सुरुवात.

*घरी पोचलात.* अंगावर कोरडे कपडे आहेत, मासे ताजे आहेत. म्हणजे गाडीत कपड्यांचा एक जोड, टॉवेल, चपला, हातपाय धुवायला गोड्या पाण्याचा कॅन आणि बर्फाची पेटी हवी. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा मोठ्या बंदरांवर बर्फ सहज मिळतो, पण पेटी मात्र घरूनच न्यावी लागते. बर्फ ही चैन नव्हे. बांगडा, कुपा, सुरमई या घराण्यातले मासे उन्हात पडून राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात. मासा पकडणाऱ्याने घरच्या माणसांसाठी एवढी काळजी घ्यायलाच हवी.

*कडा चढून गाडीपाशी आलात.* संध्याकाळची वेळ असेल तर अंधार पडलाय, एका हातात रॉड, दुसऱ्या हातात मासे. म्हणून हातात धरायची नव्हे, डोक्याला लावायची बॅटरी हवी, आणि एक जादा, खिशात. रत्नागिरी-देवगडच्या कातळावर फुरसं भरपूर आहे. ते जेमतेम हात-दीड हात लांब, मातीच्या रंगाचं, दगडाच्या खोबणीत बसलेलं असतं. पाय टाकायची जागा आणि आधाराला हात ठेवायची जागा, दोन्ही आधी उजेडात दिसली पाहिजेत. पहाटे उतरतानाही हेच. हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री पांढरा उजेड पाडू नका. लाल उजेडाची सोय असलेली बॅटरी घेतलीत की दोन्ही कामं होतात.

*खडपावरून निघालात.* पाय घसरला नाही, कारण पायात बूट होते. यावर थोडं थांबून बोलतो, कारण इथेच सगळ्यांत जास्त हयगय होते. ओल्या खडकावर हिरवं शेवाळ आणि काळसर बुळबुळीत थर, दोन्ही असतात. काळा थर कोरड्या दगडासारखा दिसतो आणि तोच फसवतो. शिवाय कालवांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार. रबरी स्लीपर, फ्लोटर, झिजलेले स्पोर्ट शूज यांतलं काहीच चालत नाही. नमद्याच्या तळव्याचे किंवा तळाला बारीक खिळे असलेले खडकावरचे बूट घ्या. ते परवडत नसतील तर चांगल्या खाचांचे, घोट्यापर्यंत येणारे, लेस घट्ट बांधता येणारे बूट. गमबूट घालू नका. पाण्यात पडलात की त्यांत पाणी भरतं आणि पाय उचलणं जड होतं.

*खडपावर असताना कुणी पाण्यात पडलं.* हा विचार मनाला नकोसा असतो आणि म्हणूनच हे सामान राहतं. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. ते पिशवीत नको, अंगात हवं आणि पट्टे बांधलेले हवेत. १५ ते २० मीटर तरंगणारा दोर. नायलॉनचा दोर बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. बंदरावरच्या दुकानात ‘तरंगणारा द्या’ म्हटलं की मिळेल. त्याच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा आणि कॅनमध्ये दोन-तीन पेले पाणी ठेवा, म्हणजे तो लांब फेकता येतो. पडलेल्या माणसाकडे कॅन फेकायचा. त्याच्यामागे उडी मारायची नाही. कागदावर हे क्रमांक लिहा: ११२ आपत्कालीन मदत, १०८ रुग्णवाहिका, १५५४ तटरक्षक दल, १०९३ सागरी पोलीस. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. आणि घरी कुणाला तरी जागेचं नाव आणि परतीची वेळ सांगून निघणं, हेही सामानच समजा. एकट्याने खडपावर जाऊच नका.

*माशाच्या तोंडातून गळ काढलात.* इथे लागते लांब चोचीची पक्कड. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत विषारी काटे असतात, पाकटाच्या शेपटीत असतो. पक्कड नसेल तर माणूस बोटांनी गळ काढायला जातो आणि काटा हातात घुसतो. अशा वेळी गरम पाणी फार उपयोगी पडतं, कारण हे विष उष्णतेने निकामी होतं. सोसेल एवढ्या गरम पाण्यात जखमेचा भाग ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं. पाणी किती गरम आहे ते न दुखावलेल्या हाताने बघा. ठणकणाऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. म्हणून चहाच्या थर्मासबरोबर नुसत्या गरम पाण्याचा एक थर्मास गाडीत ठेवा. हे कुणाच्याही यादीत सापडत नाही, तुमच्या यादीत असू द्या. टम्म फुगणारा केंड लागला तर सोडून द्या, त्याचं विष जीवघेणं आहे आणि ते शिजवूनही जात नाही. समुद्री साप लागला तर दोरा लांबूनच कापा.

गळ आपल्याच बोटात शिरला तर त्याचा काटा कापायला तार कापणारी पक्कड हवी. लांब चोचीच्या साध्या पकडीने जाड गळ कापला जाईलच असं नाही. डोळ्याजवळ किंवा चेहऱ्यावर शिरला असेल तर हात लावायचा नाही, तसंच ग्रामीण रुग्णालय गाठायचं. जंतुनाशक, पट्टी, चिकटपट्टी आणि ज्याची त्याची रोजची औषधं एका डबीत. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी घरी राहिली असेल तर ती आणायला परत फिरणं मला योग्य वाटतं, मग भरती चुकली तरी चालेल.

मोजपट्टीही याच टप्प्यातली. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पाण्यात सोडायचा. न विणलेलं पिल्लू घरी नेण्यात काहीही मिळवलेलं नसतं. कासव गळाला आलं तर दोऱ्याला धरून ओढू नका. जमेल तितकं गळाजवळ दोरा कापा. ते कायद्याने पूर्ण संरक्षित आहे. मालवणचा समुद्रही १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. त्या बाजूला जायचं तर आधी वनखात्याकडे चौकशी करा.

*मासा वर घेतलात.* लांब दांड्याची जाळी किंवा आकडी. ही नसली की माणूस मासा उचलायला पाण्याच्या काठापर्यंत उतरतो, नजर माशावर असते आणि मोठी लाट नेमकी तेव्हाच येते. दांडा जड होतो, पिशवीत मावत नाही, म्हणून जाळी ‘मोठा मासा लागला तर बघू’ म्हणत घरी ठेवली जाते. दुमडणारी घ्या, पण घ्याच.

*मासा लागला, खेळवलात.* बोटमोजे, ब्रेड (विणलेला) दोरा वापरत असाल तर धारदार कात्री (ब्रेड दातांनी तुटत नाही आणि ताणाखाली बोट कापतो), पोलराइड गॉगल.

*फेक टाकलीत.* आता रॉड, रीळ, गळ, शिसं, स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), लीडर (गळाजवळचा दणकट दोरा). इथे मी लांबण लावत नाही, कारण हे तुमच्या लक्षात राहणारच आहे. दोनच गोष्टी. सुरमई किंवा टोळ लागण्याची जागा असेल तर तारेचा लीडर घ्या, त्यांचे दात तंगूस कापतात. आणि चाळिशी लागली असेल तर ती. तिन्हीसांजेला चष्म्याशिवाय गळाच्या डोळ्यातून दोरा जात नाही आणि उरलेला सगळा वेळ फुकट जातो.

याशिवाय संपूर्ण दिवसासाठी पाणी, माणशी निदान तीन लिटर. ऑक्टोबर आणि मार्चनंतरच्या उन्हात काळा खडक तापतो आणि सावली कुठेच नसते. मीठ-साखर किंवा ओआरएसच्या पुड्या, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा.

प्रत्येक वस्तूला एकच घर

चादरीवर सगळं मांडून झालं की तीन ढीग करा: अंगावरचं, पाठीवरचं, गाडीतलं. अंगावर असतं ते कुठल्याही क्षणी एका हाताने लागणारं: लाइफ जॅकेट, कात्री, पक्कड, बॅटरी, शिटी, मोबाइल. कात्री आणि पक्कड दोरीने जॅकेटला बांधलेली असावी. खडपाच्या भेगेत पडलेली पक्कड परत मिळत नाही. पाठीवर दोर, कॅन, औषधाची डबी, पाणी, गळ-शिशाचा डबा. गाडीत कपडे, बर्फ, थर्मास, गोडं पाणी.

आणि एकदा जागा ठरली की ती बदलायची नाही. कात्री उजव्या खिशात म्हणजे कायम उजव्या खिशात. रिकामा खिसा हाताला लगेच कळतो, यादी वाचायची गरजच पडत नाही. कागदावरच्या यादीला माझा विरोध नाही, पण लांबलचक याद्या लोक एकदा करतात आणि पुन्हा उघडत नाहीत. नवख्याने पहिल्या काही खेपांना यादी जरूर वापरावी, चादरीवरच्या वस्तूला हात लावत मोठ्याने वाचावी. पुढे खिसेच यादी होतात.

दोघे-तिघे मिळून जात असाल तर एक धोका वेगळा आहे. ‘जाळी तू घेतली असशील’ असं प्रत्येकाला वाटतं आणि कुणीच घेत नाही. आदल्या रात्री फोनवर वस्तू नावानिशी वाटून घ्या. दोर आणि औषधं मात्र वाटायची नाहीत, ती प्रत्येकाकडे हवीत. दोर ज्याच्या पाठीवर आहे तोच पाण्यात पडला तर?

आदली रात्र आणि पहाट

जोडण्या घरी, पंख्याखाली, उजेडात बांधून ठेवा. गळ, लीडर, स्विव्हल असे पाच-सहा संच तयार करून फोमच्या पट्टीवर गुंडाळले की खडपावर वाऱ्यात गाठी मारत बसावं लागत नाही, शिवाय बांधताना काय कमी आहे ते रात्रीच कळतं. बंदरावरची दुकानं पहाटे उघडी असतीलच असं नाही.

आदल्या रात्री पिशवीत भरता न येणाऱ्या वस्तूच सकाळी राहतात: फ्रिजमधला गळाला लावायचा चारा, चार्जिंगला लावलेली बॅटरी, चष्मा, बर्फ. यावर साधा उपाय आहे. गाडीची किल्ली चाऱ्याच्या डब्यावर, फ्रिजमध्ये ठेवा. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे चारा घेतल्याशिवायही निघता येत नाही. फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावा आणि तिच्यावर फक्त या सकाळच्या वस्तू लिहा. कोकण रेल्वेने किंवा एसटीने येणार असाल तर रॉडची नळी पिशवीलाच बांधा. सुटी ठेवलेली लांब वस्तू रॅकवर राहून जाते आणि ते उतरल्यावरच लक्षात येतं.

गाडी लावल्यावर

उतरायच्या आधी गाडीपाशी पाच मिनिटं. बूट घाला, जॅकेट चढवा, खिसे चाचपा, बॅटरी लावून बघा, पाण्याच्या बाटल्या मोजा. काही राहिलं असेल तर ते इथे कळायला हवं, खाली नव्हे. खाली कळलं की माणूस ‘आता आलोच आहोत’ म्हणतो आणि तसाच पुढे जातो. वाटेत गाव असेल तर गावातल्या काकांना विचारा: पाणी कसं आहे, वाट मोकळी आहे का. त्यांना समुद्र रोज दिसतो.

मग वरूनच १५-२० मिनिटं लाटा बघा. मोठ्या लाटा अधूनमधून एकापाठोपाठ येतात. त्यांचं पाणी कुठवर चढतं ते पाहून उभं राहायची जागा ठरवा. ओला खडक म्हणजे लाट तिथपर्यंत येते. समुद्राकडे पाठ करू नका, हे किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला चालायला लागल्यापासून सांगितलं जातं. तुम्हीही ते पहिल्या दिवसापासून पाळा.

राहिलंच काही तर

राहिलेल्या वस्तूंचे दोन प्रकार समजून घ्या, कारण निर्णय त्यावर ठरतो.

पहिल्या प्रकारच्या वस्तू मिळतात किंवा त्यांच्यावाचून भागतं. शिसं राहिलं तर जुना स्पार्क प्लग चालतो किंवा लांबट दगड बारीक दोऱ्याने बांधायचा. हा दोरा मुख्य दोऱ्यापेक्षा कच्चा ठेवा, म्हणजे दगड अडकला तर तेवढाच तुटतो. तंगूस, गळ, शिसं बंदराजवळच्या जाळ्यांच्या दुकानात घरगुती भावात मिळतं. चारा राहिला तर मासळीबाजारात मावशीकडून पेडवे, कोळंबी, म्हाकूल घ्या. ताजं असल्यामुळे ते फ्रिजमधल्यापेक्षा चांगलंच लागू पडतं. हर्णैच्या बंदरात होड्या लागल्यावर लिलाव होतो, तिथे लहानसहान मासळीही मिळते. रॉड मोडला किंवा राहिला तर काचेच्या बाटलीवर तंगूस गुंडाळा, बाटलीची मान समुद्राकडे धरा आणि शिसं फिरवून फेका. दोरा मानेवरून सुटत जातो. खाडीच्या धक्क्यावर हातगरीने गरवण्यात जी कळते ती माशाची पहिली टोच रॉडवर इतकी स्पष्ट कळत नाही. नवख्याने हे मुद्दाम करून बघावं. फक्त फेरी जिथे लागते तो धक्का मोकळा सोडा, दाभोळ-धोपावेसारख्या ठिकाणी दिवसभर गाड्यांची ये-जा असते.

दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंना पर्याय नाही. बूट, लाइफ जॅकेट, दोर, अंधार होणार असेल तर बॅटरी, आणि सोबतचा माणूस. यांतलं एक जरी राहिलं तरी खडपावर उतरायचं नाही. ‘आजच्यापुरतं’ म्हणून नाही, ‘पुढे जात नाही, इथेच उभा राहतो’ म्हणूनही नाही. पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आला असाल तरी नाही. याचा अर्थ दिवस वाया गेला असा नाही. म्हणून जागा ठरवतानाच जवळची एक खाडी दुसरी जागा म्हणून धरून ठेवा. मालवणच्या माणसाला कर्ली, देवगडच्याला वाघोटन, दापोलीच्याला वाशिष्ठी जवळ आहे. उथळ, शांत पाणी, सपाट काठ आणि शेवटा-काळुंदर. हा बेत आधीच ठरलेला असला की परत फिरणं सोपं जातं. नसला की माणूस स्वतःची समजूत घालत खाली उतरतो.

निघताना

घरून न्यायचं राहतं तसंच खडपावरून आणायचंही राहतं. निघायची वेळ भरतीच्या हिशेबाने आधीच ठरवा आणि मोबाइलवर गजर लावा. शेवटच्या अर्ध्या तासात मासा लागला की सगळं घाईत उचललं जातं आणि पक्कड, चष्मा, बाटली दगडाआड राहते. गजर झाला की एकाने गरवणं थांबवून आवरायला लागावं, तेवढ्यात दुसऱ्याच्या चार फेका होऊ देत. बसलेल्या जागी एकदा उजेड फिरवा.

तुटलेला तंगूस मात्र एकही तुकडा मागे सोडू नका. तो वर्षानुवर्षं कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या परांत अडकतो. त्यासाठी पिशवीला झाकणाची एक छोटी बाटली बांधून ठेवा, सगळे तुकडे तिच्यात.

त्याच रात्री

पुढच्या खेपेचं सामान आजच भरलं जातं. रॉड, पक्कड, कात्री, बूट गोड्या पाण्याने धुवा. रीळ पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ड्रॅग (दोऱ्याचा ताण ठरवणारा स्क्रू) सैल करून ठेवा. वापरलेले गळ फेकून त्यांच्या जागी नवे बांधा. औषधाच्या डबीतली पट्टी संपली असेल तर उद्या आणू म्हणू नका, आत्ता कागदावर लिहा आणि कागद डबीतच ठेवा. बॅटरी चार्जिंगला लावा. आज काय हवं होतं आणि नव्हतं, हेही लिहा, कारण आठवड्यानंतर ते आठवत नाही. बऱ्याच खेपांत हात न लागलेली लुअर, जादा रीळ, शोभेची हत्यारं काढून टाका. पिशवी हलकी असली की माणूस दोर आणि पाणी टाळत नाही. दोर आणि औषधं मात्र कधीच वापरली गेली नाहीत म्हणून काढायची नाहीत. दोर वाळवून पुन्हा गुंडाळा, कॅनच्या गाठीला जोराने ओढून बघा, कॅनमधलं पाणी बदला आणि सगळं आपापल्या कप्प्यात परत ठेवा.